उचल फेडण्यासाठी लग्न करू नकोस

प्रश्न विचारणारी मुलगी 27 वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं बागायतदार घर, 22 एकर जमीन, बहुतेक सगळी उसाखाली. ती पुण्यात सीए म्हणून नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिची आजी पुण्यातल्या एका रुग्णालयात 19 दिवस होती. आजीच्या हाताची शीर कुणाला सापडत नसे. सापडायची ती रक्त घ्यायला येणाऱ्या एका तंत्रज्ञालाच. आजी सकाळपासून त्याची वाट बघायची. तो 29 वर्षांचा, बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला, डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, झालेला. आईवडील ऊसतोडीला जात होते, अजूनही जातात. घरी तीन एकर कोरडवाहू. तिचा पगार त्याच्या तिप्पट. आता दोघांना लग्न करायचं आहे. भावाला कळलं आहे आणि तो म्हणतो, ‘हक्कसोड करून दे, मग कुठं जायचं तिकडं जा.’ म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद. आईवडिलांना अजून सांगितलेलं नाही. तिचे प्रश्न चार: हे टिकेल का, घरी कसं सांगू, कायद्याने काय करावं लागेल, आणि दिवाळीनंतर लग्न ठेवलं तर चालेल का.

उत्तर:

तुला एकेरीत लिहिते. गेली 24 वर्षं मी पुण्यात विवाह समुपदेशन करते. त्यातली पहिली नऊ वर्षं कौटुंबिक न्यायालयात गेली, म्हणजे मोडायला आलेले संसार आधी पाहिले आणि जुळू पाहणारे नंतर. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. जातीचं, पैशाचं, जिल्ह्याचं अंतर वाचून मी घाबरले नाही. भावाचं बोलणंही नवं नाही. मला काळजी वाटली ती तुझ्या एका वाक्याने. तू लिहिलंस, ‘आमच्या घराने दोन पिढ्या या लोकांच्या हातांवर खाल्लं. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मागायला आलेल्या बायकांना आमची आजी पायरीखाली उभं करायची. त्याच्याशी लग्न करून त्यातलं थोडं तरी फिटेल असं वाटतं.’

हे वाक्य मनापासून आलंय, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यावर लग्न उभं करू नकोस. का, ते सांगते, आणि त्यासाठी आधी त्याच्या घराकडे बघू.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे मजुरांचा ठेकेदार, दसऱ्याच्या आधी गावात येतो, कोयत्यावर उचल देतो, आणि दिवाळीच्या मागेपुढे टोळी गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते. उचल म्हणजे न केलेल्या कामाचे आधी घेतलेले पैसे. मग पाच-सहा महिने तोडणी, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीत चढवणं, आणि त्या टनांमधून ती उचल वळती होत राहते. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तरी टनामागे साडेतीनशे रुपयांच्या थोडं पुढेच गेला. दोन माणसं पहाटेपासून राबून दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतात. तू सीए आहेस, भागाकार तूच कर. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावं लागतं. त्यात एखाद्या दिवशी आजारपणामुळे फडात, म्हणजे तोडणीच्या रानात, जाता आलं नाही तर ‘खाडा’ पडतो. मजुरी बुडते ती बुडते, वर दंड कापला जातो.

तो या घरात वाढलाय. पैसे आधी घेतले की माणूस आपला राहत नाही, ही गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागली नाही. आणि तू त्याला म्हणते आहेस की मी तुझं देणं फेडायला आले आहे. तू उलट्या बाजूने बोलते आहेस, हे कळतंय मला. तुझ्या मते कर्जदार तू आहेस. पण संसारात हे हिशेब फार लवकर बाजू बदलतात. लग्नाला चार वर्षं होतील, कशावरून तरी भांडण होईल, आणि तुझ्या तोंडून जाईल, ‘तुझ्यासाठी मी काय काय सोडलं.’ ते वाक्य बाहेर पडलं की त्या घरात उचल आली. मग तो ती फेडत राहील: गप्प बसून, तुझ्या मताला मान हलवून, स्वतःच्या आईला घरी न बोलावून. तुला वाटेल किती समजूतदार आहे.

हे कल्पनेने लिहीत नाही. न्यायालयात असताना एक जोडपं आलं होतं. मुलगा व्यापारी घरातला, मुलगी त्यांच्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंची. मुलाच्या आईने तिची कॉलेजची फी भरली होती, आणि पुढे मुलाने तिच्याशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा विरोधही फार केला नाही. सगळ्यांना वाटलं केवढं मोठं मन. लग्नानंतर पाहुण्यांसमोर सून पाणी घेऊन आली की सासूबाई कौतुकाने सांगायच्या, ‘हिला आम्हीच शिकवलं.’ त्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. पण त्या मुलीने मला सांगितलं, ‘मॅडम, मी सात वर्षं त्या घरात आभार मानत जगले. मला एकदा तरी उगाच रागवायचं होतं.’ परस्पर संमतीने घटस्फोट झाला. नवऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की नेमकं कुठे चुकलं. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, दोघांचं एकमेकांवर प्रेमही होतं. उपकाराने माणूस किती एकटा पडतो हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: टिकेल, जर तू त्याच्याशी लग्न करत असशील तर. ऊसतोडीशी लग्न करत असशील तर नाही. स्वतःला एक गोष्ट विचार. त्याचे आईवडील प्राथमिक शाळेत शिक्षक असते, घर साधं सुखवस्तू असतं, आणि तो हाच, असाच, आजीची शीर शोधताना दंडावर बोट ठेवून क्षणभर डोळे मिटणारा असता, तर तुला आवडला असता का? तुझ्या पत्रावरून मला वाटतं, हो. त्याच्या हातांविषयी आणि त्याच्या थांबून ऐकण्याविषयी जे लिहिलंस, त्यात गरिबी कुठेच नाही. तिथलं प्रेम खरं आहे. तुझ्या घरावर जे देणं आहे असं तुला वाटतं, तेही खरं असेल. ते वेगळं फेड. तुमच्या रानात टोळी येते तेव्हा कोपी, म्हणजे राहायची झोपडी, घालायला जागा कुठे मिळते, प्यायचं पाणी किती लांब आहे, बायकांना आडोसा आहे का, हे वडिलांना विचार. ते काम तू त्याच्याशी लग्न न करताही करू शकतेस आणि करावंस.

घरचे म्हणतील की तो पैशामागे आहे. त्यावर चिडू नकोस, शांतपणे तपासून बघ. मी आजवर दोन तऱ्हेची मुलं पाहिली. एकाला मोठ्या घराचा थाट हवा असतो. तो तुझ्या वडिलांच्या गाडीविषयी, जमिनीविषयी तुझ्याहून जास्त बोलतो. दुसऱ्याला त्या थाटाची इतकी लाज आणि भीती असते की तो साधी मदतही घेत नाही, आणि तू लिहिलंस तसं हॉटेलात बिल आलं की गप्प होतो. तुझा दुसऱ्या तऱ्हेचा दिसतो. त्यात लोभ नाही, पण त्रास आहे, आणि तो त्रास मोकळेपणाने बोलल्याशिवाय जात नाही. लग्नाआधी एका रविवारी दोघं वही घेऊन बसा. त्याने लिहायचं: घरी दरमहा किती पाठवतो, आईवडिलांवर उचलीची बाकी किती, धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काय ठरलंय, हुंड्याची बोलणी सुरू आहेत का, आणि त्यात त्याच्याकडून काय अपेक्षित आहे. तू लिहायचंस: पगार, बचत, आईवडिलांनी तुझ्या नावावर काय ठेवलंय, आणि त्यातलं काय तू स्वतःचं मानतेस.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात ती पुण्यातल्या प्राध्यापकांची मुलगी, तो नंदुरबारकडच्या आदिवासी घरातला, बँकेत अधिकारी. तो सहा वर्षं बायकोच्या नकळत घरी दरमहा नऊ हजार पाठवत होता. ती म्हणाली, ‘मला नऊ हजारांचं काही नाही. तो सहा वर्षं मला घाबरत होता, याचं वाईट वाटतं.’ आम्ही तिघांनी बसून वही केली. त्यात पहिली ओळ त्याच्या घरी जाणाऱ्या पैशांची, भाड्याच्याही आधी. ती ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिली. ते दोघं आजही एकत्र आहेत, दोन मुलं आहेत.

तुमच्या वहीतही पगाराच्या प्रमाणात खर्च वाटून घ्या. निम्मे-निम्मे दिसायला बरोबरीचं असतं, पण तिप्पट पगाराच्या माणसासमोर ते बरोबरीचं राहत नाही. आणि त्याच्या आईवडिलांची उचल तू एकरकमी भरून टाकायची घाई करू नकोस. तुला ते सोपं वाटेल. एवढी रक्कम तुझ्या बचतीत असेलही. पण सून घरात यायच्या आधी तिचे पैसे आले तर त्याच्या आईला तुझ्यासमोर सासू म्हणून कधीच बसता येणार नाही. फेडायची तर ती त्याच्या कमाईतून, त्याच्या हातून, दोघांच्या संमतीने. वेळ लागला तरी चालेल.

आता पाटोद्याला जा. तू अजून त्याचं घर पाहिलेलं नाहीस, हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. दोन वर्षांत त्याने नेलं नाही आणि तू फार आग्रह केला नाहीस. दोघांनाही त्या भेटीची भीती वाटते. आईवडील गावी असतील तेव्हाच जा, मुक्कामाला जा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं म्हणजे पाहणी होते. मिठाईचे मोठे बॉक्स, साड्या, पाकीट काही नको. आजीच्या हातचं काही असेल तर ने. त्यांनी केलेलं जेव, जेवण झाल्यावर ताट स्वतः उचल, पण ‘मला सगळं चालतं’ असं तोंडाने म्हणू नकोस. तसं म्हणणाऱ्याला काय चालत नाही तेच समोरच्याला आठवतं. घराचे फोटो काढू नकोस. रडू येईल, आवर. त्यांचं आयुष्य तुला धक्का देण्यासाठी नाही, ते त्यांचं रोजचं आहे.

त्याच्या आईशी कामाविषयी बोल. ती सांगेल. उसाचं पान हाताला कसं कापतं, तोडताना हात कुठे धरायचा, मोळी कशी उचलायची म्हणजे मानेला झटका बसत नाही, कोणता ऊस तोडायला जड जातो. तू उसात वाढलीस, तुला यातलं निम्मं माहीत नसेल. ही एक बाई तिच्या कामात तुझ्या-माझ्याहून फार मोठी जाणकार आहे, हे तुला त्या संध्याकाळी कळलं तर पुढची वीस वर्षं सोपी जातील. मुलगा शिकला कसा तेही विचार. हंगामी वसतिगृहात राहिला की आजीजवळ, कोणत्या वर्षी फडात न्यावा लागला, शाळा किती महिने बुडाली. तो स्वतः हे तुला सांगणार नाही.

एक नाजूक गोष्ट आहे. बीडमध्ये गर्भाशय काढलेल्या ऊसतोड स्त्रियांचं प्रमाण इतकं मोठं निघालं की 2019 मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. 82 हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, कित्येकींची ऐन तरुणपणी. खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांत फडात हाल होऊ नयेत, कर्करोगाची भीती घातली गेली, अशी त्यामागची कारणं त्या बायका सांगतात. त्याच्या आईचं काय झालंय मला माहीत नाही, आणि तू विचारूही नकोस. पण ती चाळिशीतच वाकलेली, कंबर धरून उठणारी दिसली, तर वय आणि शरीर यांचा मेळ का बसत नाही हे तुला आधीच समजलेलं असावं म्हणून लिहिलं. पुढे सून म्हणून तिला चांगल्या डॉक्टरकडे नेणं हे तुझं खरंखुरं काम असेल.

आता तुझं घर. तू लिहिलंस, वडिलांना थेट सांगणार. सांगू नकोस, निदान पहिल्यांदा तरी. आपल्याकडे असं बोलणं मधल्या माणसातून जातं, आणि त्यात अपमान नाही. मधला माणूस असला की वडिलांना पहिल्या रागात बोललेले शब्द परत घ्यायला जागा राहते. बहुतेक घरांत तो माणूस मामा असतो किंवा आत्या. तुझ्या बाबतीत मला आजी वाटते. तिने त्याला 19 दिवस जवळून पाहिलंय. त्याच्या हातात स्वतःचा हात दिलाय. तिला आधी सांग, एकटीला, गावी जाऊन. पण फार आशा धरू नकोस. रक्त घ्यायला येणारा गुणी पोरगा आणि नातजावई यांत तिच्या मनात मोठं अंतर असेल. ती चिडेल, कदाचित पायरीचीच भाषा बोलेल. तिला वेळ दे. म्हातारी माणसं रात्री विचार करतात. मी अशा कितीतरी आज्या पाहिल्यात ज्यांनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं आणि महिन्याभराने मुलाला दरडावलं, ‘पोरगी जिवंत हवीय की नको?’

वडील विचारतील: काय करतो, शेती किती, आईवडील काय करतात. या तिन्हींची उत्तरं त्यानेच द्यावीत, स्वतःच्या तोंडाने आणि पूर्ण. ‘वडील शेती करतात’ एवढ्यावर थांबू नये. ‘तीन एकर कोरडवाहू आहे, ते ऊसतोडीला जातात, दोन हंगाम तुमच्याच भागातल्या कारखान्याला होते,’ असं सरळ सांगावं. लपवलेलं नंतर कळलं की वडिलांच्या हातात रागाला योग्य कारण येतं. सांगितल्यावर फक्त राग उरतो, आणि राग उतरतो.

हक्कसोडीबद्दल ठाम सांगते: आत्ता सही करू नकोस. तुझ्या भावाला वाटतं की मनाविरुद्ध लग्न केलं की मुलीचा हक्क जातो, आणि कागद फक्त औपचारिकता आहे. तसं नाही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सा 1994 मध्येच दिला, केंद्राने 2005 मध्ये, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो हक्क मुलगी म्हणून जन्मल्यानेच मिळतो हे पक्कं केलं. कुणाशी लग्न केलंस याचा त्याच्याशी संबंध नाही. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचं मृत्युपत्र ते हवं तसं करू शकतात, ती गोष्ट वेगळी. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड जातं. भावाला एवढंच म्हण, ‘जमिनीचं बोलणं लग्नानंतर दोन वर्षांनी करू. तेव्हाही मी तुझी बहीणच असेन.’ कदाचित तेव्हा तू स्वखुशीने सोडशीलही. ते तुझं तू ठरव. पण लग्नाची परवानगी म्हणून जमीन देऊ नकोस. तसं केलंस तर तुझ्या लग्नाची किंमत ठरली, आणि ती किंमत तुझ्या नवऱ्याला आयुष्यभर ऐकावी लागेल.

कायद्याचं आता थोडक्यात. दोन वाटा आहेत. विधी करून हिंदू विवाह कायद्याखाली लग्न आणि मग त्याची नोंदणी, किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीचं लग्न. आळंदीला सकाळी जाऊन दुपारी लग्न लावून येणारी खूप जोडपी असतात. विधी खरोखर झाले, साक्षीदार, फोटो असतील, नंतर नोंदणी केली, तर ते लग्न कायदेशीर आहे. पण विधी न करता नुसतं कुठूनतरी प्रमाणपत्र आणलं तर हिंदू विवाह कायद्याखाली ते लग्नच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय. तुम्हाला घाई नाही, तुम्ही सज्ञान आहात, म्हणून मी विशेष विवाह कायदा सुचवेन. जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकजण तरी सलग 30 दिवस राहिलेला हवा, तसे तुम्ही दोघंही आहात. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती 30 दिवस कार्यालयात लागते, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर नवी नोटीस द्यावी लागते. आक्षेप घेता येतो तो आधीचं लग्न, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं अशा कारणांवरच. आईवडिलांची नाराजी हे कारण होत नाही.

मात्र एक लक्षात ठेव. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर त्या नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. म्हणजे सांगली आणि बीड दोन्हीकडे. वडिलांना ही बातमी कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडून कळू देऊ नकोस. आधी घरी सांग, मग नोटीस. आणि भाऊ म्हणेल की रजिस्टर लग्न केलं की एकत्र कुटुंबातून नाव जातं. जुन्या कायद्यात तसं होतं, पण 1976 च्या दुरुस्तीनंतर दोघंही हिंदू असतील तर ते कलम लागू होत नाही.

त्याचं जातीचं प्रमाणपत्र एनटी-ड, म्हणजे भटक्या जमाती (ड) प्रवर्गाचं, आहे आणि तुझी जात खुल्या प्रवर्गातली, म्हणून आंतरजातीय विवाहाच्या प्रोत्साहनाचे 50 हजार रुपये तुम्हाला मिळू शकतात. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा. मी प्रत्येक जोडप्याला तो करायला सांगते, पैशांपेक्षा यासाठी की सरकारदरबारी तुमच्या लग्नाची या कारणासाठी दखल घेतली जावी.

धोक्याविषयी तू काही विचारलं नाहीस, तरी लिहायला हवं. तुझे वडील हात उचलणारे नाहीत असं तू म्हणतेस, आणि मला ते पटतं. पण घरातले नसतील तर भावकीतले, भावाचे मित्र असतात, ज्यांना दुसऱ्याच्या घरच्या इज्जतीची फार काळजी असते. भावाच्या बोलण्यात धमकी आली, तुझा फोन काढून घेतला, गावी बोलावून परत येऊ दिलं नाही, तर थांबू नकोस. 112 ला फोन कर. सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंबाची किंवा समाजाची संमती लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितलं, आणि अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा विशेष कक्ष आणि निवारा असावा असे निर्देश दिले. गावाने किंवा जातीने वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा बहिष्कार त्याच्या बाजूनेही पडू शकतो, हे विसरू नकोस. मुलगा मोठ्या घरात गेला म्हणून खुश होणाऱ्या भावकीइतकीच जातीबाहेर गेला म्हणून चिडणारी भावकीही असते. घरच्यांनी तू हरवल्याची तक्रार दिली तर पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः जबाब दे: मी सज्ञान आहे, स्वखुशीने आले आहे. तो जबाब देताना जवळ एक वकील आणि एक मैत्रीण असू दे. ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीची कागदपत्रं आजच पुण्यात आणून ठेव.

राहिली तारीख. दिवाळीनंतर लग्न ठेवू नका. तुझ्या कार्यालयात तेव्हा सुट्ट्या मिळतात, पाहुण्यांना सोयीचं, हे सगळं बरोबर. पण त्याची आई तेव्हा कुठल्यातरी फडात कोपीत असेल. मुलाच्या लग्नाला यायचं तर कोयत्याचे चार-पाच दिवस खाडे पडतील, मुकादमाला विचारावं लागेल, आणि ती अंगावरची हळद उतरायच्या आत परत उसात उभी असेल. तो तुला हे बोलला नसेल. तो म्हणाला असेल, ‘तुला सोयीचं ते बघ.’

तुझ्या घरीही तेव्हा काही मोकळीक नसते. वडील तोडीची तारीख, टोळी, कारखान्याची गाडी यांत अडकलेले असतात, आणि ऊस गेल्याशिवाय त्यांना दुसरं काही सुचत नाही हे तू मला कशाला सांगायला हवं. तुमच्या दोन घरांत काही सारखं नाही असं तू लिहिलंस. पण दोन्ही घरांचं वर्ष त्याच धुराड्याला बांधलेलं आहे, आणि गाळप संपलं की दोन्हीकडची माणसं एकाच वेळी मोकळी होतात. पाडव्यानंतर टोळ्या परतायला लागतात. एप्रिलमध्ये पाटोद्याला मुक्कामाला जा, त्यानंतर आजीकडे, मग वडिलांकडे. नोटीस महिन्याच्या शेवटी दे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, लग्न होऊ शकतं. नेमका दिवस कोणता, ते मात्र त्याच्या आईला विचारून ठरवा.